वर न गेलेलं बोट

"आवाज आला की बोट वर करायचं. कितीही बारीक असला तरी करायचं. आवाज गेला की बोट खाली." हे तीन वाक्यांचं माझं भाषण. एकतीस वर्षं, दिवसातून दहा-पंधरा वेळा, मी ते केलं. वर्ध्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी कान तपासायचो. दारावर पाटी इंग्रजी शब्दाची होती, ती कुणी वाचत नसे. लोक मला कानवाले सर म्हणत. डॉक्टर वेगळ्या, त्या वरच्या मजल्यावर बसत. मी नुसता मोजणारा माणूस.

मोजायची पद्धत सोपी आहे. जाड भिंतींची एक लहानशी खोली, तिचं दार जुन्या तिजोरीसारखं जड. आत पेशंटला बसवायचं, कानांवर हेडफोन द्यायचे. लाल उजव्या कानाला, निळा डाव्या. बाहेर मी काचेपलीकडे मशीनवर. एकेक सूर मोठ्या आवाजाकडून बारीक आवाजाकडे नेत जायचं आणि पेशंटच्या बोटाकडे बघत राहायचं. बोट जिथं वर जायचं थांबतं, तिथं कागदावर खूण. खुणा जोडल्या की कानाचा आलेख तयार. या आलेखात शून्य म्हणजे सगळ्यात चांगला कान, आणि आकडा जितका मोठा तितकं बहिरेपण जास्त. शून्याची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं ती लागणार आहे.

नमुने खूप पाहिले. प्रमाणपत्रासाठी बहिरे होऊन येणारे तर दर आठवड्याला. एक गृहस्थ आत बसले आणि मशीनचा सगळ्यात मोठा आवाज दिला तरी बोट मांडीवरून हलेना. मी दार उघडलं, पाठ फिरवली आणि खिडकीकडे बघत हळूच म्हणालो, "बाहेर कोणाची तरी चप्पल कुत्रा नेऊन राह्यला." गृहस्थ हेडफोनसकट उठून धावले. दुसरे एक गृहस्थ तपासणीभर डोळे मिटून बसायचे, कारण मशीनवरचा माझा हात काचेतून दिसतो हे त्यांना खटकायचं. प्रामाणिक माणूस. असे फार थोडे. एकंदरीत, खोटं बोट मी काचेपलीकडून ओळखतो असा माझा दिमाख होता आणि दवाखान्यात तो सगळ्यांना ठाऊक होता. डॉक्टरबाईसुद्धा म्हणायच्या, "सरांना फसवून दाखवा."

मला सगळ्यात जास्त त्रास व्हायचा तो कान वाजणाऱ्यांचा. बाहेर काही नसताना ज्यांच्या कानात शिट्टी, भुंगा, मोटार असं काहीतरी चोवीस तास चालू असतं, ती माणसं. ते मोजता येत नाही, बहुतेकदा बरंही होत नाही. डॉक्टर गोळ्या देत, धीर देत आणि शेवटी "सवय होईल" म्हणत. मग तो माणूस जिना उतरून माझ्या खोलीशी यायचा आणि विचारायचा, "सर, खरंच सवय होते का जी?" मी मशीन बंद करून टेबल पुसायला लागायचो.

माझ्या मुलीसाठी घेतलेली इलेक्ट्रिक तंबोऱ्याची पेटी घरी धूळ खात पडली होती. मुलगी लग्न होऊन गेली, गाणं त्याच्याही आधी गेलं होतं. एका गुरुवारी, दुपारची ओपीडी संपल्यावर, मी ती पेटी दवाखान्यात आणली आणि कान वाजणाऱ्या पाच-सहा जणांना बोलावून बाकांवर बसवलं. मला कुठल्या शास्त्राचं ज्ञान नव्हतं. एवढंच कळत होतं की कानातल्या शिट्टीशी भांडून ती वाढते, आणि लक्ष दुसऱ्या सुरावर टिकलं तर ती निदान मागच्या बाकावर जाऊन बसते.

मी सांगायचो, तंबोऱ्याच्या चार तारा आहेत. त्यातली एक निवडा, समजा शेवटची, खर्जाची. डोळे मिटा. ती आली की ऐका, गेली की पुन्हा यायची वाट पाहा. दुसरं काही करायचं नाही. मन कुठं भटकलं, शिट्टीकडे गेलं, घरच्या भांडणाकडे गेलं, तर बोट वर करा, आणि परत तारेवर आलात की खाली करा. बोट वर करणं ही चूक नाही. भटकलो हे ध्यानात आलं, एवढाच त्याचा अर्थ. वीस मिनिटं झाली की कुणाशी न बोलता उठायचं आणि फाटकाबाहेर पडेपर्यंत गप्प राहायचं.

आता मनाशी बोटाचा काय संबंध? पण माझ्या सगळ्या आयुष्यात माणूस म्हणजे एक बोट होतं. मला दुसरी भाषा येत नव्हती.

हे काम लागू पडलं. नालवाडीचे वानखेडे मास्तर, ज्यांच्या कानात प्रेशर कुकरची शिट्टी होती, ते पहिल्या दिवशी सारखे बोट वर-खाली करत होते. मी म्हटलं, "मास्तर, वर्गात हजेरी चालू आहे का?" तीन महिन्यांनी ते सांगायला लागले की कुकर आहे, पण आता शेजारच्या घरात आहे. ते ऐकून मला जे वाटलं ते पगाराच्या कुठल्याही दिवशी वाटलं नव्हतं. आणि इथंच माझं डोकं फिरलं. मी बोटं मोजायला लागलो. कुणाचं किती वेळा वर गेलं ते वहीत लिहायचं आणि त्याचा आलेख काढायचा. चौदा, अकरा, नऊ, सहा. रेघ खाली येताना बघून मला समाधान व्हायचं. शेवटी मी ते आलेख भिंतीवर लावले. ज्या गोष्टीत जिंकायचं काही नव्हतं, तिथं मी शर्यत लावून दिली.

सुमनबाई देवळीच्या. वीस वर्षं जिनिंग मिलमध्ये कापूस मशीनला घालायचं काम केलेलं. तिथल्या धडधडीत एकमेकींचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून बाया ओठ बघून बोलतात, आणि ती सवय काम सुटल्यावरही जात नाही. डावा कान लहानपणी वाहून वाहून जवळजवळ गेलेला. सगळी भिस्त उजव्यावर. तो मिलनं थोडा झिजवलेला, पण कामापुरता चांगला. मीच तपासला होता. त्यांच्या कार्डावर मीच लाल शाईनं लिहिलं होतं, "एकच कान. वरचेवर तपासणे."

त्या आल्या तेव्हा म्हणाल्या, "सर, माही पोरगी दिली हिंगणघाटले. रोज संध्याकाळी तिचा फोन येते. अन् तिच्या बोलण्यावर हा मिलचा भोंगा येऊन बसते. मले दुसरं काही नाई पायजे जी. तिचं बोलनं तेवढं मोकळं करून द्या."

मी म्हटलं, "गुरुवारी येत जा. घाई नका करू. हळूहळू बाहेरचे आवाज मागे जातील आणि एकच सूर पुढे राहील."

हे वाक्य मी सगळ्यांनाच सांगायचो, बोलायला छान वाटायचं म्हणून.

त्या नेमानं आल्या. एसटीनं एकट्या यायच्या, खिडकीजवळचा बाक धरायच्या, पदर सारखा करून डोळे मिटायच्या. त्यांचा आकडा चौदावरून सुरू झाला आणि पोळ्याच्या आधी सहावर आला. पोळा झाल्यानंतरच्या गुरुवारी त्यांचं बोट वीस मिनिटांत एकदाही वर गेलं नाही. शून्य. माझ्या वर्गात शून्यावर कुणी आलं नव्हतं, आणि मी तर जन्मभर शून्य म्हणजे उत्तम असं शिकलेला माणूस. मी वहीत शून्य काढलं आणि त्याभोवती कौतुकानं गोल केला.

पुढच्या गुरुवारी पुन्हा शून्य. त्या दिवशी नियम मोडून मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, "कसं वाटते सुमनबाई?"

त्या माझ्या तोंडाकडे बघत हसल्या. "सर, पह्यले चार तारा येगयेगळ्या येत होत्या. आता सारं एकच होऊन गेलं. अन् सांगू का, आता तुमचा तंबोरा घरी बी वाजते. चुलीपाशी बसली तरी वाजते. एसटीत बी वाजते."

माझ्या अंगावर काटा आला. आनंदाचा. मी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं आणि वर जाऊन डॉक्टरबाईंना वाचून दाखवलं. त्या पेशंटच्या गर्दीत होत्या, म्हणाल्या, "वा, छान." मी खाली येऊन वानखेडे मास्तरांनाही ऐकवलं. मास्तर म्हणाले, "आमचा कुकर कधी तंबोरा होईन, सर?" आम्ही हसलो.

ज्याचं काम कान मोजणं होतं, त्या माणसाला एका बाईनं तोंडावर सांगितलं की मला सगळीकडे एकच आवाज येतो आणि दुसरा कुठला येत नाही. आणि तो माणूस हसला. माझ्या हाताखालचा कुणी नवखा असता आणि त्यानं असं केलं असतं, तर मी त्याला दुसऱ्या दिवशी कामावर ठेवला नसता.

तिसऱ्या गुरुवारी पेटी बंद पडली. जुनीच होती. दहाएक मिनिटं झाली असतील, एक खरखर आली आणि तंबोरा थांबला. एकेकाचे डोळे उघडले. वानखेडे मास्तर म्हणाले, "सर, पेटी गेली वाटते." कुणी खाकरलं, बाक करकरला. मी वायर हलवून बघत होतो. मान वर केली तर खिडकीजवळ सुमनबाई तशाच बसलेल्या, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर तेच हसू.

"सुमनबाईची समाधी लागली," मास्तर कौतुकानं म्हणाले.

आणि त्या क्षणी, पहिल्यांदा, मी त्या बोटाकडे माझ्या धंद्याच्या नजरेनं बघितलं. आवाज नाही आणि त्यांना ते माहीत नाही. मी त्यांच्या मागे गेलो आणि नावानं हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग टाळी वाजवली. सगळे दचकले. त्या दचकल्या नाहीत. मी टेबलावरचा चिमटा, ज्याला आम्ही ट्यूनिंग फोर्क म्हणतो, कोपरावर आपटून त्यांच्या उजव्या कानाशी धरला. घाईत तो कानाच्या पाळीला लागला. तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून विचारलं, "झाले का वीस मिंट?"

मी त्यांना आतल्या खोलीत बसवलं. लाल हेडफोन उजव्या कानाला. काचेपलीकडून त्या माझ्याकडे विश्वासानं बघत होत्या. मी आवाज वाढवत गेलो. साठ. सत्तर. ऐंशी. नव्वदच्या पुढे एकदा बोट किंचित हललं, तेही मला वाटतं धक्का जाणवला म्हणून. एकतीस वर्षं मी लोकांना आत बसवून "आवाज आला की बोट वर करा" म्हणत आलो. त्या दिवशी काचेवर कपाळ टेकून मी मनात म्हणत होतो, करा हो बाई, खोटं तरी करा.

डॉक्टरबाई धावत खाली आल्या. देवळीला फोन गेला, सून आली. वैशाली तिचं नाव, समजूतदार पोरगी. डॉक्टरबाईंनी विचारलं, कधीपासून? ती आठवू लागली. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याले, पोरं लाकडी बैल घेऊन दारात आली होती. आवाज देऊन राह्यली, देऊन राह्यली, आई आतच बसून. मीच मंग त्याइले बोजाऱ्याचे पैसे देल्ले. तवापासूनच म्हना. पन आमाले वाटलं, सरांनी शिकवलं ते ध्यान लावून राह्यली. पह्यले चिडचिड करे, आता शांतच झाली होती." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "घरात सारे म्हनत होते, सरांच्या क्लासनं आईले फरक पडला."

"आणि मुलीचा फोन?" मी विचारलं.

"फोन घेतच नव्हती. म्हने, तूच बोल, मले बसू दे."

म्हणजे अठरा दिवस. कान असा अचानक जातो तेव्हा पहिले काही दिवस हातात असतात. औषध लवकर सुरू झालं तर कधी परत येतो, कधी थोडा येतो, कधी येत नाही. हे मला पाठ होतं. पहिल्या शून्याच्या दिवशी पाचवा दिवस होता. माझ्यापासून सहा फुटांवर त्या बसल्या होत्या, आणि औषध एक जिना वर होतं.

त्या दोघी बोलत असताना सुमनबाई एकीच्या ओठांवरून दुसरीच्या ओठांकडे बघत होत्या. त्यांना अंदाज आला. त्या माझ्याकडे वळल्या. "सर, माहा कान गेला का जी?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग हा तंबोरा वाजून राह्यला, हा कोनाचा?"

याचं उत्तर मला येत होतं. कान जातो तेव्हा मेंदू आपलाच एक आवाज लावून घेतो. त्यांचा जुना भोंगाच मोठा होऊन बसला होता. पण ते डॉक्टरबाईंनी कागदावर लिहून दाखवलं. सुमनबाईंना वाचायला वेळ लागला. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची नीट घडी केली. "तुमी म्हनलं होतं ना, बाहेरचे आवाज मागं जातीन. मले वाटलं, गेले. मी म्हनलं, आपल्याले जमून राह्यलं."

औषधं दिली, सुया दिल्या, नागपूरला पाठवलं. कान आला नाही. कानाला मशीन लावून पाहिलं, त्यानं फक्त गोंगाट वाढतो असं सुमनबाई म्हणाल्या. डॉक्टरबाईंनी मला खोलीत बोलावून सांगितलं, "लवकर औषध मिळालं असतं तरी कान आला असताच असं नाही." त्या भल्या आहेत. पण "नसताच आला" असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही ते वाक्य त्यांच्याकडून बोलवून घेतलं नाही.

मी भिंतीवरचे आलेख काढले आणि गुरुवार बंद केला. मास्तर दोनदा चौकशी करून गेले. त्यांचा कुकर पुन्हा त्यांच्याच घरात आला आहे. माझ्या निवृत्तीला काही महिने उरले होते, ते मी नुसती मशीन चालवून काढले. निरोपाच्या दिवशी भाषणात कुणीतरी म्हणालं की सरांना कुणी फसवू शकलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल घेऊन घरी आलो. या अंकाच्या संपादकांनी मला गमतीदार पेशंटांच्या आठवणी लिहायला सांगितल्या होत्या. त्या वर आल्या आहेत. तेवढ्याच आहेत.

मला कळायला हवं होतं ते खूप साधं होतं. शिकवताना मी त्यांना तारा ऐकायला लावत होतो आणि स्वतः बोटं मोजत होतो. त्या वीस मिनिटांत खोलीत ऐकत नसलेला एकमेव माणूस मी होतो. सुमनबाईही ऐकत होत्या. जे काही त्यांच्या कानात उरलं होतं, ते पूर्ण मन लावून ऐकत होत्या.

आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. महिन्यातून एका गुरुवारी मी एसटीनं देवळीला जातो. का जातो ते मला माहीत नाही. माफी मी पहिल्याच खेपेला मागून घेतली, त्यांच्यासमोर बसून, ओठ नीट हलवत. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या सर. मले सोताले समजलं नाई, तुमाले कसं समजन?" एवढं बोलून चहा टाकायला उठल्या. त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मागच्या खेपेला संध्याकाळ झाली. हिंगणघाटहून मुलीचा फोन आला, आता व्हिडिओ कॉल येतो. वैशालीनं तो सासूसमोर धरला. पडद्यावर मुलगी जेवलीस का असा हात करत होती, नातू जीभ काढून दाखवत होता. सुमनबाई दोघांचे ओठ वाचायचा प्रयत्न करत होत्या, पण फोन हलत होता, चित्र अडकत होतं. मग मुलीनं नुसताच हात हलवला, यांनीही हलवला. फोन बंद झाला. एक मिनिटसुद्धा झालं नसेल.

त्यांनी पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "सर, लावा ना तंबोरा. तुमच्या फोनमंदी हाय म्हनता ना. आपला गुरुवार हाय."

मी फोन हातात घेऊन त्यांच्याकडे बघितलं.

"माहा माह्यापाशी हाय," त्या म्हणाल्या. "तुमी तुमचा लावा. संग बसू."

मी फोनवर तंबोरा लावला आणि दोघांच्या मधे ठेवला. त्यांनी डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले. मीही डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदाच मी वही न घेता बसलो होतो. म्हटलं, शेवटची तार, खर्जाची. ती येईल, ऐकायची.

पहिलीच तार वाजली आणि मी त्या गुरुवारी जाऊन पोचलो, ज्या दिवशी शून्याभोवती गोल केला होता. नियमाप्रमाणे मी बोट वर केलं. वीस मिनिटं तंबोरा वाजत राहिला. बोट खाली आलं नाही.